शब्द कुठे संपतो, हे एकट्या शास्त्राला सांगता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाषेचा अभ्यास ‘आंतरविद्याशाखीय’ व्हायला हवा, हे वाक्य परिसंवादांच्या निमंत्रणपत्रिकांपासून विद्यापीठांच्या वार्षिक अहवालांपर्यंत सर्वत्र इतक्या सहजपणे लिहिले जाते की त्याला कुणी विरोध करत नाही, आणि विरोधच होत नसल्यामुळे त्याचा नेमका अर्थ काय, हेही कुणी विचारत नाही. भाषाविज्ञान शिकवण्यात माझी तीसेक वर्षे गेली. या काळात अशा अनेक परिसंवादांना मी श्रोता म्हणून बसलो आणि काहींमध्ये वक्ता म्हणूनही बोललो. व्यासपीठावर मेंदूतज्ज्ञ, संगणकतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि वैयाकरण ओळीने बसतात, प्रत्येक जण वीस मिनिटे आपला निबंध वाचतो, प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही आणि आभारप्रदर्शनानंतर सगळे पांगतात. याला शेजार म्हणता येईल, सोयरीक नव्हे. माझ्या मते एका शास्त्राच्या पुराव्यामुळे दुसऱ्या शास्त्राला आपले विधान मागे घ्यावे लागते किंवा दुरुस्त करावे लागते, तेव्हाच भाषेचा अभ्यास खऱ्या अर्थाने आंतरविद्याशाखीय ठरतो. हे मोघम वाटू नये म्हणून एकच साधा प्रश्न घेतो. बोलताना एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो?

व्याकरणाला हा प्रश्न नवा नाही. ‘सुप्तिङन्तं पदम्’ अशी पाणिनीची व्याख्या आहे. ज्याच्या शेवटी नामाचा किंवा क्रियापदाचा प्रत्यय आहे ते पद, एवढे म्हणून त्याने प्रश्न मिटवला, आणि संस्कृतपुरता तो बऱ्याच अंशी मिटलाही. ऋग्वेदाच्या संहितेतले सलग, संधींनी जोडलेले पाठ सुटे करून दाखवणारा पदपाठ परंपरेने शाकल्याच्या नावावर आहे. पदे वेगळी करून दाखवावी लागतात, ती कानाला आपोआप वेगळी ऐकू येत नाहीत, ही जाणीव त्या पाठामागे आहे. पुढे भर्तृहरी या वैयाकरणाने तर वाक्यच अखंड असून पदांची फोड ही केवळ समजावून सांगण्याची सोय आहे, अशी भूमिका घेतली. आपल्या मराठीत ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हे आपण एका शब्दात लिहितो. हिंदीत तेच ‘घर के सामने वालों को भी’ असे सहा शब्दांत लिहिले जाते. मराठी माणूस सहा गोष्टी एका दमात बोलतो आणि हिंदी माणूस सहा वेळा थांबतो, असे तर नक्कीच नाही. एकीकडे शब्दयोगी अव्यय जोडून लिहिण्याची रीत रुळली आणि दुसरीकडे सुटे लिहिण्याची, एवढाच फरक. अमुक भाषेत इतके लाख शब्द आहेत असे कुणी सांगू लागले की मला नेहमी या सहांची आठवण होते. मार्टिन हास्पेलमाथ या भाषावैज्ञानिकाने 2011 मध्ये असे प्रतिपादन केले की सर्व भाषांना सारखी लागू पडेल अशी ‘शब्द’ या संकल्पनेची व्याख्या आजवर कुणालाही करता आलेली नाही. ज्या शास्त्राचे मूळ एकक शब्द मानले जाते, त्याच शास्त्राच्या घरातून आलेली ही कबुली आहे.

मग ध्वनी मोजणाऱ्यांना विचारावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात हा प्रयोग वर्गात करत असे. एखाद्या विद्यार्थ्याने ‘आपण आता’ एवढेच नेहमीच्या वेगाने म्हणायचे, ते ध्वनिमुद्रित करायचे आणि त्याची ध्वनिलहर पडद्यावर मोठी करून दाखवायची. मग त्या चित्राची छापील प्रत प्रत्येकाला देऊन, जिथे शब्द तुटतो असे वाटते तिथे पेन्सिलीने रेघ मारा, असे मी सांगे. लहरीत दोन ठिकाणी रेषा अगदी सपाट झालेली दिसते, म्हणजे तिथे पूर्ण शांतता असते. जवळजवळ सगळी मुले त्या दोन जागीच रेघा मारत. त्यानंतर ध्वनिफीत तुकड्यातुकड्याने ऐकवली की वर्गात हशा पिके, कारण रेघांमधून निघालेले तुकडे ‘आ’, ‘पणआ’ आणि ‘ता’ असे असत. शांतता शब्दांच्या मध्ये नव्हतीच; ती ‘प’साठी ओठ मिटतात आणि ‘त’साठी जीभ दातांना टेकते तेव्हाची होती, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही थोडी. जिथे खरोखर शब्द बदलतो तिथे ‘ण’मधून ‘आ’मध्ये आवाज अखंड वाहत जातो. लिहिताना आपण दोन शब्दांत मोकळी जागा सोडतो आणि तशीच जागा बोलण्यातही असते असे आयुष्यभर मानत राहतो. तो समज एका कागदावर दहा मिनिटांत मोडतो. परकी भाषा ऐकताना लोक फार भरभर बोलतात असे आपल्याला वाटते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. तिथे सीमा पुरवणारे ज्ञान आपल्याजवळ नसते.

ध्वनीत सीमा नाहीत, तर मग तान्ह्या मुलाला त्या सापडतात कशा, हा प्रश्न अर्थातच मानसशास्त्राकडे जातो. जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी 1996 मध्ये आठ महिन्यांच्या बालकांवर केलेला प्रयोग या विषयातला मैलाचा दगड मानला जातो. ‘बिडाकु’, ‘पाडोटी’, ‘गोलाबु’ अशा निरर्थक, तीन-तीन अक्षरांच्या चार ‘शब्दां’ची एक सलग धार त्यांनी यंत्राच्या आवाजात फक्त दोन मिनिटे ऐकवली. मध्ये विराम नाही, चढउतार नाही, आघात म्हणजे एखाद्या अक्षरावर दिलेला जोर नाही. एका शब्दाच्या आत ‘बि’नंतर ‘डा’ नेहमीच येतो, पण शब्द संपल्यावर पुढे कोणते अक्षर येईल ते नक्की नसते. ही शक्यता जिथे एकदम घटते ती सीमा. नंतर मुलांना हे ‘शब्द’ आणि दोन शब्दांचे शेवट-आरंभ जोडून केलेले तुकडे वेगवेगळे ऐकवले, तेव्हा मुलांनी अनोळखी तुकड्यांकडे अधिक वेळ लक्ष दिले. म्हणजे त्यांना फरक कळला होता. हिशेब ज्यांना येत नाही त्यांना संभाव्यतेचा हिशेब येतो, असा या निष्कर्षाचा थक्क करणारा भाग होता, आणि भाषा शिकण्याचे सारे रहस्य आकडेमोडीत आहे असा उत्साही अर्थही त्यातून पुष्कळांनी काढला.

पुढचे पाऊल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि बातम्यांत त्याचाच उल्लेख सहसा नसतो. भाषाविज्ञान आणि संगणकशास्त्र दोन्हींत काम करणाऱ्या चार्ल्स यांग यांनी 2004 मध्ये हीच सीमा शोधण्याची रीत मोठ्या माणसांनी मुलांशी केलेल्या खऱ्याखुऱ्या इंग्रजी बोलण्याच्या नोंदींवर चालवून पाहिली. ती साफ अडखळली. कारण साधे होते. मुलांशी बोलताना वापरले जाणारे बहुतेक इंग्रजी शब्द उच्चारात एकाच अक्षराचे असतात, आणि एकाक्षरी शब्दाला ‘आत’ असे काही नसतेच, की तिथली शक्यता जास्त आणि सीमेवरची कमी अशी तुलना करता यावी. त्याच पद्धतीला त्यांनी ‘प्रत्येक शब्दावर मुख्य आघात एकच असतो’ ही एक भाषिक अट जोडली, तेव्हा यशाचे प्रमाण कितीतरी वाढले. प्रयोगशाळेतला निष्कर्ष खोटा नव्हता. तो ज्या कृत्रिम भाषेवर काढला ती भाषा कोणत्याच भाषेसारखी नव्हती. आणि यांग यांचा तोडगाही इंग्रजीपुरताच आहे, हे सांगायला पुन्हा ध्वनिशास्त्रज्ञच हवा. मराठीत आघात इंग्रजीइतका ठसठशीत नाही, शब्द मात्र प्रत्ययांनी लांब होतात. मराठी मूल कशाच्या आधाराने सीमा ओळखते, हे मराठी घरातले बोलणे नोंदवून आणि मोजूनच कळेल.

मेंदूविज्ञानातही हेच घडले आहे. पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये वाचा गमावलेल्या रुग्णाच्या मेंदूच्या डाव्या भागातली इजा दाखवली, आणि पुढे त्या प्रकारच्या रुग्णांचे वर्णन असे रूढ झाले की त्यांच्या बोलण्यातले मुख्य शब्द टिकतात, पण प्रत्यय गळतात. इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत ते ठीक होते, कारण इंग्रजीत प्रत्यय गळला तरी मागे धडधाकट शब्द उरतो. हिब्रूत तसे नाही. ‘लिहिणे’ या अर्थाची मूळ व्यंजने ‘क-त-व’ एवढीच, आणि ‘कातव’, ‘कोतेव’ अशी रूपे त्यांच्यामध्ये स्वर भरून होतात; स्वर काढून टाकले तर उच्चारता येण्याजोगे काही उरतच नाही. योसेफ ग्रॉडझिन्स्की यांनी 1984 मध्ये दाखवून दिले की हिब्रू बोलणारे रुग्ण प्रत्यय गाळत नाहीत, ते चुकीचे रूप वापरतात. म्हणजे ‘गळणे’ हे लक्षण आजाराचे जितके होते तितकेच इंग्रजीच्या घडणीचे होते. एका भाषेतले रुग्ण पाहून काढलेला वैद्यकीय निष्कर्ष दुसऱ्या भाषेच्या व्याकरणाने दुरुस्त केला.

खुणांच्या भाषेची कथा याच्या उलट बाजूने येते. विल्यम स्टोकी हे इंग्रजीचे प्राध्यापक होते. बहिऱ्या व्यक्तींची खुणांची भाषा ही नुसती हातवाऱ्यांची नक्कल नसून हाताचा आकार, त्याची जागा आणि हालचाल अशा घटकांनी बनलेली रीतसर भाषा आहे, हे त्यांनी 1960 मध्ये मांडले तेव्हा ते फारसे कुणाच्या पचनी पडले नाही. हॉवर्ड पॉइझ्नर, एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांचे 1987 मधले काम या बाबतीत निर्णायक ठरले. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेल्या खुणाभाषकांची खुणाभाषा ढासळलेली दिसली. उजव्या भागाला इजा झालेल्यांना चित्र काढण्यासारखी, अवकाशाशी निगडित साधी कामे जमेनाशी झाली होती, पण त्यांच्या खुणा ओघवत्या राहिल्या. मेंदूला ती नक्कल वाटत नव्हती, भाषाच वाटत होती. ‘वाचा’ आणि ‘भाषा’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, तसे वापरताना आता थोडे थांबावे लागते.

संगणकाकडे वळायचे तर तिथे शब्दाचा प्रश्न सुटलेला नाही, त्याला फक्त वळसा घातला गेला आहे. आजच्या भाषिक यंत्रणा मजकूर शब्दांत तोडत नाहीत, वारंवार शेजारी येणाऱ्या चिन्हांच्या जोड्या करत करत ‘तुकडे’ बनवतात. फिलिप गेज यांनी 1994 मध्ये ही युक्ती माहिती कमी जागेत साठवण्यासाठी सुचवली होती. 2016 च्या सुमारास यंत्रानुवादात ती वापरात आली आणि पुढे सर्रास रुळली. युक्ती हुशारीची आहे, यात शंका नाही. पण तुकडे कशाचे पडतात ते बघितले पाहिजे. यंत्राच्या लेखी ‘क्ष’ हे एक अक्षर नाही. क, हलन्ताचे चिन्ह आणि ष अशी ती तीन चिन्हे आहेत, आणि ‘कि’ ही दोन. तुकडे ज्या मजकुरावरून ठरवले त्यात इंग्रजीच भरमसाट असेल तर इंग्रजी शब्द बहुधा सबंध राहतात आणि मराठी शब्दाच्या चिंधड्या होतात. प्रत्यय जिथे लागतो तिथेच तुकडा पडेल याची कोणतीही हमी नसते. तेवढ्याच मजकुरासाठी जास्त तुकडे, म्हणून जास्त गणित, जास्त वेळ आणि जास्त खर्च. पाणिनीचे सूत्र यंत्रात जसेच्या तसे घाला, असे मी म्हणत नाही, तसे म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. सामान्यरूप आणि प्रत्यय यांचा सांधा ओळखणारा माणूस तुकडे ठरवताना त्या खोलीत असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

जीवशास्त्राकडून आलेल्या पद्धतींची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण तिथे वाद अजून चालू आहे. प्रजातींची वंशावळ काढण्याचे गणित वापरून रसेल ग्रे आणि क्वेंटिन ॲटकिन्सन यांनी 2003 मध्ये 87 इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, मराठी, लॅटिन, इंग्रजी ज्या कुळातल्या त्या कुळातल्या, भाषांचा अभ्यास केला आणि त्यांचे मूळ 7,800 ते 9,800 वर्षांपूर्वीचे ठरवले. 2015 मध्ये विल चँग आणि त्यांच्या भाषावैज्ञानिक सहकाऱ्यांनी त्या गणितात एक अट घातली, ती अशी की लॅटिनसारखी लेखी पुरावा असलेली जुनी भाषा ही आजच्या इटालियन-फ्रेंचची चुलती नव्हे, आईच मानावी. तेवढ्याने काळ साडेसहा हजार वर्षांच्या आसपास खाली आला. त्याच वर्षी प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशाकडून युरोपात झालेल्या मोठ्या स्थलांतराचा पुरावा मिळाला, आणि तो या अलीकडच्या काळाशी जुळणारा होता. 2023 मध्ये दुसऱ्या एका गटाने मोठी, नव्याने जमवलेली सामग्री घेऊन पुन्हा आठ हजार वर्षांच्या जवळचा आकडा मांडला. यातला कोणता आकडा टिकेल याबद्दल मी पैज लावणार नाही. माझे लक्ष दुसरीकडे आहे. या सगळ्या गणितांच्या तळाशी शब्दांची एक यादी असते आणि कोणते शब्द एकाच मुळातून आले हे गणित सुरू होण्याआधी कुणीतरी हाताने ठरवलेले असते. आर्मेनियन ‘एर्कु’ आणि लॅटिन ‘दुओ’ कानाला जराही सारखे वाटत नाहीत, तरी दोन्ही ‘दोन’ या अर्थाचे सख्खे भाऊ आहेत. आणि देव या अर्थाचे लॅटिन ‘देउस’ व ग्रीक ‘थेओस’ इतके सारखे दिसूनही त्यांचे एकमेकांशी नाते नाही. हे ठरवायला नियमित ध्वनिपरिवर्तनांचे जुने, रटाळ समजले जाणारे शास्त्रच लागते. ते शिकवणारी पदे रिकामी ठेवायची आणि वंशावळीचे रंगीत नकाशे मात्र छापायचे, हे फार काळ चालणार नाही.

आता थोडे आमच्या घरचे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका विद्यार्थिनीने वाचाघाताच्या मराठी रुग्णांवर प्रबंध करायचे ठरवले. तिचा प्रश्न मला अजून सुंदर वाटतो. ‘घरात’ म्हणू न शकणारा रुग्ण नुसते ‘घर’ म्हणतो की ‘घरा’ म्हणून थांबतो? ‘घर’ म्हटले तर सामान्यरूप प्रत्ययाबरोबरच येते असे मानायला जागा होते. ‘घरा’वर थांबला तर शब्दाच्या आत आणखी एक सीमा आहे आणि ती मेंदूलाही ठाऊक आहे, असे म्हणावे लागते. प्रस्ताव भाषेच्या विभागाने ‘हा वैद्यकाचा विषय’ म्हणून परत पाठवला आणि मानसशास्त्राच्या विभागाने ‘हा व्याकरणाचा विषय’ म्हणून. दीड वर्षाने तो कसाबसा मंजूर झाला. शेवटी प्रबंध तपासायला दोन परीक्षक आले, तेव्हा मानसशास्त्राच्या परीक्षकांनी अहवालात भाषिक विश्लेषणाची तोंडभरून स्तुती केली आणि भाषेच्या परीक्षकांनी संख्याशास्त्राची. आपल्याला जे तपासायला येत होते त्यावर दोघांचेही एकेकच वाक्य होते. पदवी मिळाली, पण तिच्या निष्कर्षांना आव्हान देणारे, तिला एखादे विधान मागे घ्यायला लावणारे वाचन तिला मिळाले नाही, आणि माझ्या लेखी तो तिच्यावर अन्याय होता. दोन्ही शास्त्रे खऱ्या अर्थाने येणारा निदान एक परीक्षक असल्याशिवाय असे प्रबंध तपासायला देऊ नयेत, आणि मार्गदर्शक दोन असतील तर दोघांनी मिळून एक तरी अभ्यासक्रम आधी शिकवलेला असावा, ही अट घालायला कोणत्याही विद्यापीठाला पैसा लागत नाही.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. भाषेसंबंधीच्या संशोधनाची बातमी देताना प्रयोग कोणत्या भाषेवर झाला, ते पहिल्या परिच्छेदात लिहावे. ‘बालके आठव्या महिन्यात शब्द ओळखतात’ याऐवजी ‘एका कृत्रिम भाषेतले निरर्थक शब्द ओळखतात’ असे छापले तर मथळा थोडा फिका पडेल, हे मला मान्य आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले, तेव्हा सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता आणि वर्षाच्या आतबाहेर पोचलेल्यांपैकी फार थोड्यांना. हा प्रयोग नुसत्या इंग्रजीवर करताच आला नसता, कारण इंग्रजीला तो भेद ठाऊकच नाही. आणि जिथे बातमीत ‘शब्द’ हा शब्द आकड्यासह येईल, तिथे तो शब्द कुणी आणि कोणत्या रीतीने मोजला, एवढे संशोधकांना विचारून घ्यावे.

कळावे,
आपला,
भाषाविज्ञानाचा एक निवृत्त अध्यापक